आधी घ्यायचं, मग धुवायचं

माझं काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. फिजिओथेरपिस्ट म्हटलं की शहापूरच्या बाजारात उभ्या उभ्या माणसं आपला गुडघा दाखवायला लागतात. मी म्हणते, अहो, माझी गिऱ्हाइकं अजून दुधाच्या दातांची आहेत. मग विचारतात, एवढ्याशा पोरांचं काय दुखणार? दुखत नाही, हीच तर अडचण आहे. दुखलं असतं तर रडली असती, रडली असती तर कुणीतरी वेळेवर आणलं असतं.

मी शहापूर तालुक्यातल्या सापगावची, दिलेली मुरबाडकडे. कुठल्या फाट्यावर एसटी खरंच थांबते आणि कुठल्या फाट्यावर ती नुसती हळू होते, हे मला ठाऊक आहे. जन्माच्या आधीच मेंदूला इजा झालेली पोरं या दोन्ही तालुक्यांत वाड्या-पाड्यांवर विखुरलेली आहेत. त्यांना दवाखान्यात आणायचं तर आईचा रोज बुडतो, आणि एक-दोन खेपांनंतर येणं बंदच होतं. म्हणून मी घरी जाते. पिशवीत एक चादर, एक खुळखुळा, एक छोटा आरसा. बाकीचं सामान त्यांच्या घरात असतंच, फक्त ते ओळखावं लागतं.

किन्हवलीच्या पुढे आत गेलं की भातशेती करणाऱ्यांचं एक घर आहे. घरात आजी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि थोरल्या सुनेची एक मुलगी. थोरला मुलगा पडघ्याच्या गोडाऊनला कामाला, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. थोरली सून शेतीचे दिवस सोडले तर जवळच्या फार्महाऊसवर बागेचं काम करायची. पोरीचं सगळं आजीकडे. पहिल्यांदा गेले तेव्हा पोर दीड वर्षाची होती, आणि आजीने मला टेकूही दिलं नाही. नातीच्या दोन्ही बगलांत हात घालून तिला उचललं, जमिनीवर पाय टेकवले आणि म्हणाली, "बगा मॅडम, पाय कसं घट हायत. उभी ऱ्हाते माझी बाय. तुमी उगीच आल्यात."

पाय खरंच घट्ट होते. काठीसारखे सरळ, टाचा वर, चवडे टेकलेले, आणि एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा चढलेला. दोन्ही मुठी आवळलेल्या, अंगठे आत. हे मी आमच्या भागात कितीदा पाहिलंय. पोर ताठ म्हणजे पोर दणकट, असं सगळं घर धरून चालतं. ताठपणाचं कौतुक होतं, दृष्ट काढली जाते. या घरात तर आजीने सुताराकडून पांगुळगाडाही करून घेतला होता. नवाकोरा, पिवळा रंग दिलेला. तो पडवीच्या वाशाला टांगून ठेवला होता, आज ना उद्या लागेल म्हणून. 

"आजी, बसवा बघू हिला," मी म्हटलं.

"बसत नाय. पन उभी ऱ्हाते."

"बसल्याबिगर उभी राहिलेली माणसं तुमी किती बघितलीत?"

मी चुलीत पाणी ओतलं असतं तरी आजीने माझ्याकडे इतक्या वाईट नजरेने बघितलं नसतं. पण तिने पोरीला बसवून पाहिलं. पोर मागे धनुकलीसारखी ताणली गेली आणि घसरली. मग मी सांगितलं की हा जोर नाही, हा ताण आहे. मेंदू स्नायूंना सैल सोडायला सांगत नाही, म्हणून ते सतत ओढलेले राहतात. असंच राहिलं तर खुबे जागेवरून सरकतील, आणि मग मांडीवर घेणंसुद्धा अवघड होईल. आपल्याला आधी बसायचंय. उभं राहण्याचं नाव आत्ता काढायचं नाही.

 आजी उठली, तेलाची वाटी घेतली, मोरीशी पाय पसरून बसली आणि पोरीला पायांवर घेतलं. न्हाणीची वेळ झाली होती, एवढंच. मी नुसती बघत राहिले. ते दोन पसरलेले पाय, मध्ये पन्हळीसारखी जागा, तिच्यात निवांत पडलेली पोर. मला माझं टेबल सापडलं.

त्या दिवसापासून सगळे व्यायाम मी आजीच्या पायांवर बसवले. पोरीला दोन्ही मांड्यांवर आडवं पालथं टाकायचं, म्हणजे ती मान उचलते. मग एका पायावर घोड्यासारखं बसवायचं, म्हणजे कात्री झालेले पाय आपसूक वेगळे राहतात. मग आजीने आपला पाय हळूच एकीकडे कलंडवायचा, म्हणजे पोरीला आपला तोल आपण सावरावा लागतो. मूठ ओढून उघडायची नाही. करंगळीच्या बाजूने तेल लावत लावत वर यायचं, मूठ आपण होऊन सैल पडते. आत घाम, मळ, कधी बुरशीचा वास. तो पुसायचा. आजी हे रोज करायची, अंघोळीआधी आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. मी चुका काढायची, ती कुरकुरायची, "तुमचं शिकलेल्यांचं लय नखरं," आणि पुढल्या खेपेला बरोबर करून दाखवायची. आमचं जमलं.

पोरीला ऐकू येत नाही, हे मला तिथेच कळलं. मागे तांब्या पडला तरी ती दचकली नाही. आजी आल्याचं तिला कळायचं ते पाठीवर हात ठेवल्यावर. तो हात पडला की ती सगळी सैल व्हायची आणि तोंडातून लाळेचे बुडबुडे काढत हसायची. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती तशी सैल होत नसे, माझ्याही नाही. मला थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पोरीची आई अबोल. मी गेले की कामावरून मुद्दाम लवकर यायची आणि दाराशी उभी राहायची. एकदा मला फाट्यापर्यंत सोडायला आली आणि वाटेत एकदम म्हणाली, "मॅडम, मी ग्रहन पाळलं नव्हतं." सातवा महिना होता, घरात पाहुणे, तिने विळीवर भोपळा चिरला होता. शेजारणीने पाहिलं होतं. पोरीचे पाय असे का आणि मुठी अशा का, याचं उत्तर वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. सासू तिला तोंडावर कधी काही बोलली नव्हती, पण त्या दिवसापासून विळी सुनेच्या हाती दिली नव्हती. दोन वर्षं होत आली, त्या घरात थोरल्या सुनेने भाजी चिरली नव्हती. मी रस्त्यातच थांबले.  ग्रहणाचा काही संबंध नाही, असं मी सांगितलं, तिने मान हलवली आणि मुळीच विश्वास ठेवला नाही.

म्हणून मी मागे लागले की शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा. कान तपासायचे होते, डोळे तपासायचे होते, मेंदूचा फोटो काढायचा होता. तिच्या नवऱ्याने रजा काढली, दोघं पोरीला घेऊन गेली, चार वेळा हेलपाटे घातले. तिथल्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. पोटात असताना एका विषाणूची लागण झाली असणार. आईला नुसती कणकण आली असेल किंवा तीही नाही, पण तो बाळाच्या मेंदूपर्यंत आणि कानांपर्यंत गेला. जन्मल्या जन्मल्या तपासलं असतं तर खात्रीने सांगता आलं असतं, आता जवळजवळ खात्रीने सांगतो. यात कुणाचाच दोष नाही.

आईने मला फोन केला. ती रडत होती आणि हसतही होती. "ग्रहनाचं नव्हतं, मॅडम. डाक्टर सोता म्हनले." मी त्या दिवशी घरी गोड केलं. माझ्या नवऱ्याला कळेना कशाचं.

त्यानंतर माझी सासू आजारी पडली आणि मला त्या बाजूला दोन-तीन महिने जायला जमलं नाही. फोनवर आई म्हणायची, चाललंय. शेवटी गेले तेव्हा पडवीत कोपऱ्यात गोधडी, तिच्यावर पोर, उताणी. शेजारी तिची वेगळी वाटी आणि वेगळा पेला. पाय पुन्हा कात्री, टाचा वर. मूठ उघडायला गेले तर आत कातडी सोललेली. अंगठ्याचं नख तळव्यात रुतलं होतं. मी पाठीवर हात ठेवला, तिने मान वळवूनही बघितलं नाही. छपराकडे बघत राहिली.

आजी आत तांदूळ निवडत होती. बाहेर आली नाही.

मी आत गेले. "आजी, हे काय?"

"लागन हाय ना तिला," आजी खाली बघत म्हणाली. "पोरगाच सांगत आला, डाक्टरांनी सांगलंय. धाकटीला दिवस गेल्यात."

आता मला सगळं उमगलं. एका शब्दाने आईच्या मानेवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याच शब्दाने पोरीला पडवीत नेऊन टाकलं होतं. धाकटीचा गर्भ आधी एकदा पडला होता, हे मला ठाऊक होतं. आजी काही दुष्ट नव्हती. एका नातवंडाला वाचवायला तिने दुसऱ्याला लांब केलं होतं. आई सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर जमेल तेवढं करायची, पण दिवसभर पोरीला कुणाचा हात नाही. आणि पुढचंही ठरलं होतं. धाकटीचं होईस्तवर थोरलीने पोरीला घेऊन उंबरमाळीला माहेरी जायचं. तिथे डोंगरातलं घर, आईबाप दोघं दिवसभर रानात, तिलाही कामाला जावं लागणार. पोर तिथेही गोधडीवरच पडून राहणार. तेवढ्या महिन्यांत खुबे सरकले की मग ती कधीच बसली नसती. 

पण मला खोटंही बोलता येईना. पोरीच्या लाळेत, लघवीत तो विषाणू वर्षानुवर्षं असू शकतो, आणि पोटुशीने जपायला हवं, हे खरंच आहे. मी धाकटीलाही समोर बोलावलं. म्हटलं, "नीट ऐका. हिचं लंगोट तू बदलू नको. हिचं उष्टं खाऊ नको, तोंडाचा मुका घेऊ नको. हात लागला तर साबनाने धू. नि हे सगळं शेजारच्या धडधाकट पोरांनाही लागू हाय. त्यांच्या लाळेतही असतो तो. त्यांचं उष्टं बिस्कूट तू खातेसच ना?" धाकटीने चोरट्यासारखी मान हलवली. "आजी, तुमाला तर काहीच भ्या नाय. तुमी हिला घ्या, मग हात धुवा, मग सैपाक करा. झालं."

आजीने विचार केला. "म्हंजे विटाळ पाळायचा, तसं."

"नाय," मी म्हटलं. "विटाळात मानसाला लांब बसवतात. हितं आधी घ्यायचं, मग धुवायचं."

आजी पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिची मान काही हलेना. मग माझा आवाज चढला. मी म्हटलं, "शेनात हात घालता ना तुमी? पडवी सारवता, हात धुता, नि त्याच हातांनी भाकऱ्या थापता. कधी कुनाला काय झालंय?"

आजीने सूप खाली ठेवलं. "माझ्या नातीला शेन म्हनतेस गो?"

‘मॅडम’ गेलं, ‘तुमी’ गेलं; आजी एकेरीवर आली.  मी जीभ चावायला हवी होती, पण मी कसली चावते. म्हटलं, "मी नाय म्हटलं. पडवीत कोनी टाकलीय तिला?"

 आई दाराशी उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. आजी उठली आणि मागल्या दाराने निघून गेली. मी पोरीच्या तळव्याला मलम लावलं, आईला पुन्हा सगळं करून दाखवलं आणि निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघताना मला रडू आलं. या घरात आता मला कुणी बोलावणार नाही, असं धरूनच चालले होते.

पुढच्या आठवड्यात तरीही गेले. अंगणातून पहिली दिसली ती पडवीच्या खांबाला सुतळीने बांधलेली मच्छरदाणीच्या कापडाची पुरचुंडी. आत साबणाची वडी. उघडी ठेवली तर कावळे पळवतात म्हणून बांधलेली. खाली पाण्याची बादली. आणि मोरीशी आजी पाय पसरून बसलेली, पायांवर पोर.

पण पोर तिच्याजवळ राहत नव्हती. आजीने हात लावला की धनुष्यासारखी मागे वळत होती, ओरडत होती. तिला कान नव्हते. आजी म्हणजे तिच्यासाठी आजीचे हात. ते एके दिवशी गेले आणि का गेले हे तिला सांगायची कुठलीही सोय नव्हती.

"इसरली मला," आजी म्हणाली, आणि न लपवता रडली. हात तेलाचे होते, म्हणून डोळे दंडाला पुसले.

"इसरली नाय," मी म्हटलं. "रुसलीय. तुमचीच नात ना, खाष्ट असनारच."

आजी रडता रडता हसली. मी म्हटलं ते खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पालथं टाकणं, मान उचलणं, करंगळीच्या बाजूने तेल. जे आधी जमत होतं तेवढ्यावर यायलाच पुष्कळ दिवस गेले. उंबरमाळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. नाचणीची भाकरी थापायच्या आधी आजी कोपरापर्यंत हात धुवायची आणि धाकटीला ओरडून दाखवायची, "बग गो, धुतलं." एक दिवस थोरलीच्या हातात विळी दिसली. 

मधेच एकदा आजीने मला सरळ विचारलं, "चालंल का ही?"

"चालंल असं मी सांगत नाय, आजी. बसंल असं वाटतंय."

आजीने वाशाकडे बघितलं. "मग तो गाडा धाकटीच्या पोराला," ती म्हणाली, आणि पोरीच्या पायाला तेल लावत राहिली. एवढं एक वाक्य बोलायला तिला किती कष्ट पडले ते तिच्या अंगठ्यांकडे बघून कळत होतं. ते थांबले नव्हते, पण जड पडले होते.

भातं कापून झाली आणि धाकटीला मुलगा झाला. धडधाकट, काळ्याभोर जावळाचा. मी गेले तेव्हा त्याची न्हाणी चालली होती. आजीच्या पसरलेल्या पायांवर आता तो होता, आणि घरातल्या, शेजारच्या सगळ्या बायका त्याच्याभोवती. पोरीला आईने पडवीत बसवलं होतं, पाठीशी कोंड्याचं पोतं, पाय फाकवून पुढे, दोन्ही मुठी मधे जमिनीला टेकवलेल्या. पडवी सकाळीच सारवलेली होती, अजून ओलसर. मी अंगणात चपला काढत होते.

पोरीने मान वळवली आणि आजीकडे बघितलं. त्या पायांवर दुसरं कुणीतरी होतं. नीट दिसावं म्हणून ती पुढे वाकली, आणि पाठ पोत्यापासून सुटली. ती बसली होती. कुणाचाही हात नाही, पोतं नाही. कुणाचंच लक्ष नव्हतं. 

मग ती उजवीकडे कलली. आजीला तेव्हाच दिसलं. तिच्या पायांवर ओलं बाळ, हाताला साबण, उठता येईना. "धरा गो कुनीतरी तिला," ती म्हणाली.

"कुनी धरू नका," मी म्हटलं.

कलता कलता पोरीचा हात बाजूला गेला आणि मूठ उघडली. पाची बोटं पसरली, तळवा जमिनीवर सपाट बसला. कोपर थरथरलं, पण हाताने तिला धरलं. थोडा वेळ धरलं. मग कोपर वाकलं आणि ती अलगद कुशीवर पडली. रडली नाही.

आई धावली, तिने तिला उचललं.

"लागलं काय गो?" आजीने विचारलं.

आई पोरीचा तळवा उलटा करून बघत होती. जो तळवा आम्ही तेल लावून लावून उघडत आलो, ज्यात स्वतःच्या घामामळाशिवाय कधी काही आलं नव्हतं, तो शेणामातीने हिरवा झाला होता, इतर कुठल्याही पोराचा असतो तसा.

"नाय, आये," आई म्हणाली. "हात मळला हिचा."

 आजी बाळ धाकटीच्या हाती देत म्हणाली, "आन हिकडं. मी धुते."

आईने खांबाला बांधलेला साबण सोडला.